एका खोलीतून तीन गावांपर्यंत : तिवी डिझाइनची वाटचाल

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरच्या डार्विन शहरातून फेरीबोटीने अडीच तासांत बॅथर्स्ट बेट गाठता येते. हे बेट आणि शेजारचे मोठे मेलव्हिल मिळून तिवी बेटे होतात. दोन्ही बेटांच्या मधून ॲप्सली सामुद्रधुनी वाहते. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास, आणि तीही जवळजवळ सगळी तिवी आदिवासींची. मनात आले म्हणून इथे उतरता येत नाही. जमीन तिवी लोकांची असल्यामुळे पाहुण्याला तिवी लँड कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. बरेच पर्यटक एका दिवसाच्या सहलीने येतात. स्थानिक मंडळी धुराचा विधी करून त्यांचे स्वागत करतात आणि मग वुरुमियांगा गावातल्या ‘तिवी डिझाइन’ या कलाकेंद्रात घेऊन जातात. बेटाची ओळख बेटावरच्याच माणसांनी करून द्यायची, ही रीत इथे रुजायला बराच काळ जावा लागला.

त्याआधी बाहेरच्यांनी आपल्या मर्जीने यावे, असाच शिरस्ता होता. १८२४ मध्ये ब्रिटिशांनी मेलव्हिलवर फोर्ट डंडस उभारला. उत्तर ऑस्ट्रेलियातली त्यांची ही पहिली वसाहत पाच वर्षांच्या आतच गुंडाळावी लागली. १९११ मध्ये फादर गझेल यांनी बॅथर्स्टवर कॅथलिक मिशन सुरू केले. मिशनने शाळा काढली, आणि मुलींसाठी वसतिगृहही. १९४० च्या दशकात मेलव्हिलवरच्या गार्डन पॉइंट मिशनमध्ये मिश्र वंशाची मुले आणून ठेवली गेली. आईपासून तोडलेल्या त्या मुलांचे दुःख ऑस्ट्रेलिया आजही विसरू शकलेला नाही.

या साऱ्या उलथापालथीत तिवींची कला टिकली, कारण ती विधींशी बांधलेली होती. तिवींच्या पुराणकथेतल्या पुरुकुपार्लीची गोष्ट इथे सर्वांना ठाऊक असते. त्याची बायको बिमा चंद्रपुरुष तापाराबरोबर गेली आणि झाडाखाली ठेवलेले तिचे तान्हे बाळ उन्हाने दगावले. पुरुकुपार्ली बाळाचे कलेवर घेऊन समुद्रात चालत गेला. तेव्हापासून मरण सर्वांच्या वाट्याला आले. बिमा करवानक पक्षी झाली. तिचा आक्रोश रात्री अजूनही ऐकू येतो, असे मानतात. मृतासाठीचा पुकुमानी विधी याच कथेतून आला. त्यासाठी कठीण लाकडाचे खांब कोरतात, रंगवतात, कबरीभोवती उभे करतात आणि ऊनपावसात झिजू देतात. १९५९ मध्ये असे १७ खांब सिडनीतल्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये उभे राहिले. मेलव्हिलच्या कलावंतांनी ते खास त्या दालनासाठी घडवले होते. आदिवासींच्या निर्मितीची जागा मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, ही समजूत त्या खांबांनी हलवली.

तिवी डिझाइन या संस्थेची सुरुवात त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९६८-६९ मध्ये झाली. वुरुमियांगाचे नाव तेव्हा न्गुयू होते. पाद्र्यांच्या निवासाखाली एक छोटी खोली होती. तिथे मॅडलिन क्लियर या कलाशिक्षिकेने बीड तुंगुतालुम आणि जोव्हानी टिपुंगवुटी या दोन तरुणांना लाकडी ठशांची छपाई शिकवली. कोरणे त्यांच्या हातात होतेच. कागदावरची छपाई तेवढी नवी होती. लवकरच ठशांवरच्या आकृती छपाईच्या जाळीदार स्क्रीनवर चढल्या आणि कापडाचे तागेच्या तागे छापले जाऊ लागले. १९६९ मध्येच मिशनच्या सिस्टरांच्या पुढाकाराने बायकांसाठी ‘बिमा वेअर’ हा शिवणकामाचा उद्योग निघाला. पुढे एडी पुरुंतातामेरी यांनी कुंभारकाम उभे केले.

तिवींच्या हाती कायद्याने जमीन आली ती १९७० च्या दशकाच्या शेवटी. १९७६ चा आदिवासी भूमिहक्क कायदा झाला आणि १९७८ मध्ये तिवी लँड कौन्सिल स्थापन झाले. १९८० मध्ये तिवी डिझाइन रीतसर नोंदणीकृत संस्था झाली. मेलव्हिलवर १९८९ मध्ये मिलिकापिती गावात ‘जिलामारा’ आणि त्यापाठोपाठ पिरलांगिंपीत ‘मुनुपी’ ही कलाकेंद्रे उभी राहिली. पिरलांगिंपी म्हणजेच जुने गार्डन पॉइंट. जिथे मुलांना त्यांच्या माणसांपासून दूर ठेवले होते, तिथेच आज तिवी कलावंत आपल्या केंद्रात काम करतात.

कामाची पद्धत जवळून पाहिली की या वाटचालीचा अर्थ कळतो. छपाईच्या लांब टेबलावर कापड ताणून बसवतात. त्यावर स्क्रीनची चौकट ठेवून दोघे समोरासमोर उभे राहतात आणि रंग ओढणारी रबरी पट्टी एकमेकांच्या हातात देत कापडभर फिरवतात. एकाचा दाब कमी पडला तर नक्षी फिकी उतरते. रंगकामात गेरू, पिवडी, पांढरी माती आणि कोळसा वापरतात. तांबडा रंग हवा असेल तर पिवडी भाजून घेतात. जिलामारातले काही कलावंत लाकडी फणी रंगात बुडवून टेकवतात, की ठिपक्यांची अख्खी ओळ उमटते. अंगावर विधीसाठी काढायची नक्षी अशी कॅनव्हासवर आली. याच जिलामारातल्या किटी कांतिला यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २००७ मध्ये मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाने भरवले. टिमथी कुक यांना २०१२ चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला, तो पावसाळ्याअखेरच्या कुलामा विधीवरच्या चित्रासाठी.

अडचणी संपलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार आदिवासी शैलीच्या वस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा अस्सल नसलेल्या मालावर जातो. दुकानात टांगलेल्या नकली नक्षीचा पैसा बेटावर पोचत नाही. कलाकेंद्रातून घेतलेल्या कापडामागे मात्र कलावंताचे नाव असते, त्याचा मोबदला असतो आणि पुढच्या मुलामुलींचे शिक्षणही असते.

तिवी डिझाइनचे मोठेपण मला यात दिसते. खोली मिशनची होती आणि तंत्र बाहेरचे होते. पण काय कोरायचे, कोणती कथा पाहुण्याला सांगायची आणि कोणती घरातच ठेवायची, हे तिवींनी ठरवले. आदिवासींच्या बेटावर जाणाऱ्याने परवान्याचा कागद अडथळा मानू नये. घरमालकाला विचारून उंबरा ओलांडण्यात पाहुण्याचाही मान असतो. परवाना काढावा, वाटाडे सांगतील तिथेच जावे, ऐकावे आणि घ्यायचे ते कलावंताच्याच केंद्रातून घ्यावे. अर्धशतकाहून अधिक काळ ही संस्था चालली आहे ती देणाऱ्याच्या अटींवर, आणि पुढेही ती तशीच चालली पाहिजे.