बेचकी किती जुनी?

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेला माणूस आज बेचकीवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. पण आधी एक प्रश्न. बेचकी किती जुनी असेल? माझ्या नातवाने पटकन सांगितलं, "आजोबा, अश्मयुगातली!" तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना तसंच वाटत असणार. दुबेळकं लाकूड, दोन पट्ट्या, चामड्याचा तुकडा आणि खडा. यात नवं ते काय?

इथे आपली गल्लत होते ती गोफणीशी. गोफण खरोखरच प्राचीन. इ.स.पूर्व 701 मध्ये असिरियन राजा सेन्नाखेरिबने लाखिश शहर जिंकलं. त्या लढाईची शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांत गोफणदार स्पष्ट दिसतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली, की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफणच लागायची. पण गोफणीतली शक्ती कुठून येते? हात फिरतो, दोरी फिरते, वेग वाढतो आणि एक टोक सोडलं की दगड सुटतो. शक्ती साठवण्याचा प्रश्नच नाही.

बेचकीचं तसं नाही. ताणलेल्या पट्टीत शक्ती साठते आणि बोटं सैल केली की ती एकदम मोकळी होते. हे तत्त्व धनुष्याचं. गंमत बघा, आपण जिला गलोल किंवा गुलेल म्हणतो, तो शब्दही मुळात धनुष्याचाच. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात गुलेल म्हणजे मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य. शब्द टिकला, वस्तू बदलली. म्हणून तर नातवाची फसगत होते!

बदल घडवला रबराने. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक होऊन तडकायचं. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं, की गंधक मिसळून तापवलं तर रबर लवचिक राहतं. 1844 मध्ये त्याला पेटंट मिळालं. कुठल्याही हवेत ताणता येईल आणि पुन्हा मूळ जागी येईल अशी पट्टी त्यानंतरची. म्हणजे आपली बेचकी साधारण आगगाडीच्या पिढीची. मुंबई-ठाणे गाडी 1853 ची, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढे 1888 मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, सायकली वाढल्या आणि जुनी ट्यूब पोरांच्या हाती लागली. पण रबराची मागणीही भयंकर वाढली. काँगोत राजा लिओपोल्डच्या अमलात रबर गोळा करण्यासाठी लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. हात तोडले गेले. पोराच्या खेळण्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

1948 मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुणांनी लाकडी बेचक्या विकायला सुरुवात केली. खडा आपटल्याच्या आवाजावरून कंपनीचं नाव ठेवलं 'व्हॅम-ओ'. पुढे फ्रिस्बी विकणारी तीच ही कंपनी. नंतर मनगटाला आधार देणाऱ्या बेचक्या निघाल्या. रबर जोरात ताणलं, की मनगट मागे वळतं. आधारामुळे तो भार कोपराकडच्या हातावर जातो आणि अधिक ताकदीचं रबर वापरता येतं.

आता माझी गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा असेन. पेरूच्या फांदीची बेचकी, ट्यूबच्या पट्ट्या, चपलेचं चामडं. एक बुलबुल पाडला. हातात घेतला तेव्हा गरम होता. बेचकी त्याच दिवशी विहिरीत टाकली. माळ्यावरच्या गोफणीला नेम नेमका लागतोच असं नाही. तिथे पाखरू उडालं की काम झालं. बेचकी डोळ्यासमोर धरून एकाच जिवावर रोखतात. तिथे "चुकून लागलं" म्हणायला जागा नसते. कर्ता आणि कृती यांच्या नात्यावर पुढे मी वर्षानुवर्षं वर्गात बोललो, पण तो धडा त्या पेरूखालचा.

आज काही ठिकाणी मुलं त्याच बेचकीने उजाड डोंगरावर बीजगोळे फेकतात. वस्तू तीच, पण रोख बदलला. नातवाला मी बेचकी करून दिली आहे, बीजगोळ्यांसकट. नेम त्याचा त्याने ठरवायचा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.