रेखाटनवहीतील मिश्र माध्यमाचे प्रयोग

एकाच चित्रात दोन किंवा अधिक माध्यमांचा वापर केला असता त्यास 'मिश्र माध्यम' असे म्हणतात. आधुनिक कलेत या पद्धतीस प्रतिष्ठा लाभली ती १९१२ च्या सुमारास. त्या वर्षी पाब्लो पिकासो यांनी वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटवून चित्राभोवती दोराची चौकट बसविली, तर जॉर्ज ब्राक यांनी लाकडाची नक्कल असलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनात योजला.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यास याहून अधिक शिकविते ती ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांची रेखाटनवही. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि हजारो नागरिक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आश्रय घेऊ लागले. झोपलेल्या माणसांसमोर बसून चित्र काढणे मूर यांना प्रशस्त वाटेना. ते जुजबी टिपणे घेत आणि नंतर घरी स्मरणाने चित्र काढीत. नात्यातील एका लहान मुलीसाठी स्वस्त मेणखडूंनी चित्रे काढताना त्यांना एक युक्ती गवसली होती. मेणावर पाणी ठरत नाही. फिकट मेणखडूने आकृत्या रेखून वरून गडद जलरंगाचा हात फिरविला, की रंग मेणावरून ओघळून भोवतीच्या कागदात मुरतो आणि अंधारातून घोंगड्यात गुरफटलेले देह उजळून वर येतात. त्यावर मूर टाकाने शाईच्या रेषा ओढीत. यांतील एक वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या तंत्राचे सारे मर्म क्रमात आहे. मेण आधी, पाणी नंतर. क्रम उलटला तर हा परिणाम मिळत नाही. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणून त्यावर जलरंग, शाई वा तैलखडू चालतो. तैलखडू मात्र कधीच पूर्ण वाळत नाही. त्यावर ॲक्रिलिक दिल्यास पुढे पापुद्रे सुटतात. शाईच्या रेषांवर जलरंग द्यावयाचा असेल तर शाई जलरोधक आहे ना, हे कोपऱ्यात तपासून पाहावे.

नेहमीच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाण्याने सुरकुततो. निदान २०० जीएसएमचा कागद घ्यावा. चिकटकामासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद किंचित पाणी घालून पातळ थरात लावावा आणि पान वाळेपर्यंत वही मिटू नये. वर्तमानपत्राची कात्रणे काही वर्षांत पिवळी पडतात. तो रंगबदल चित्रात सामावणार असेल तरच ती वापरावीत. कोळशाच्या वा तैलखडूच्या पानावर बटर पेपर ठेवला नाही, तर समोरचे पानही रंगते.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत वाढलेल्या मुलांना डागाळलेले पान फाडून टाकण्याची सवय असते. स्वच्छतेला गुण मिळत असल्याने त्यात नवल नाही. रेखाटनवहीत मात्र नेमके तेच पान जपावे. कोणते माध्यम आधी वापरले, कोणते नंतर, थर किती ओला होता, याची नोंद पेन्सिलीने मागील बाजूस करावी. तीन महिन्यांनी तोच ओघळ एखाद्या पावसाळी आभाळासाठी हवा असतो, आणि तो कसा पडला होता हे तेव्हा आठवत नाही.