कंपवात आणि पेशींची लावणी

आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट थांबला, की उलट जाग येते. त्या आवाजात माझ्या वडिलांची चाळीस वर्षं गेली. तुटलेली तार क्षणात जोडणारा त्यांचा उजवा हात एके दिवशी बसल्याबसल्या थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढे कुणीतरी एक ठिकाण सुचवलं. तिथे म्हणे मूलपेशींचं इंजेक्शन देतात आणि हात स्थिर होतो. खर्चासाठी दोन माग विकावे लागणार होते. विकायचे का? मी आधी इतिहास वाचायला घेतला.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. आयुर्वेदाला कंपवात त्याआधीच ठाऊक होता. ज्या खाजकुइलीच्या बिया त्यावर देतात, त्यांतून १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळा केला. मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, हे १९६० मध्ये कळलं आणि १९६७ नंतर लेव्होडोपा हेच मुख्य औषध ठरलं. पण गोळीचा अंमल ओसरतो. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतच राहतात.

मग नव्या पेशीच का लावू नयेत? मेक्सिकोत रुग्णाच्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा तुकडा मेंदूत बसवल्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले. जगभर गाजावाजा झाला, पण गुण टिकला नाही. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लुंड इथे गर्भपातानंतर मिळालेल्या भ्रूणाच्या पेशी लावायला सुरुवात झाली. काहींना वर्षानुवर्षं आराम पडला.

खरी परीक्षा अमेरिकेत झाली. २००१ मध्ये ४० रुग्णांवरचे निष्कर्ष आले. त्यातल्या निम्म्यांच्या कवटीला फक्त भोकं पाडली होती, पेशी घातल्याच नव्हत्या. कारण नुसत्या आशेनेही माणसाला बरं वाटतं. वर्षभरानंतर, पेशी मिळालेल्यांना एकूण स्वतःला फारसा फरक जाणवला नव्हता. साठीच्या आतल्यांच्या हालचाली थोड्या सुधारल्या होत्या. पण पुढे काहींचे हातपाय औषध कमी करूनही आवरेनात.

काम मात्र थांबलं नाही. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाने निरोगी माणसाच्या पेशींपासून मूलपेशी घडवल्या आणि त्यांतून डोपामिनच्या पेशी तयार केल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले. रुग्ण सात. तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली सुधारल्या, गंभीर अपाय कुणाला झाला नाही.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार कंपवातावर मूलपेशी फक्त मंजूर प्रयोगातच देता येतात. आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. आम्हाला तर आधी पैसेच विचारले होते!

वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नमुना चांगला आहे. पण तेवढ्यावर कुणी ताग्याचे पैसे देत नाही."

माग विकले नाहीत. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आता मी भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत.