तैनाती फौजेची देखरेख : नागपूरचा १८१६ चा तह व वैनगंगेचा मुलूख

मित्रराज्याकडून येणाऱ्या सैन्याला मराठीत दोन शब्द आहेत : कुमक आणि तैनाती फौज. ‘कुमक’ हा मूळचा तुर्की शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. कुमक प्रसंगापुरती येते व काम झाले की परत जाते. ‘तैनात’ हा शब्द मूळचा अरबी. नेमणूक आणि नेमून दिलेले वेतन, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. तेव्हा नेमणूक कोणाची आणि वेतन कोणाचे, हा प्रश्न शब्दातच दडलेला आहे. भंडारा जिल्हा ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता, त्या राज्याचा उत्तरकालीन इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

१८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथे पराभव होऊन दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख गेला; तरीही त्यांनी तैनाती फौज अखेरपर्यंत स्वीकारली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. पुत्र परसोजी दुर्बल असल्याने कारभार पुतणे आप्पासाहेब यांच्याकडे आला. दरबारातील विरोधकांपुढे आपले आसन स्थिर करण्यासाठी त्यांना आधार हवा होता. तर पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी गव्हर्नर जनरलला नागपूर हवे होते. मे १८१६ च्या अखेरीस रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याशी तह झाला.

या तहाची कलमे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. कंपनीने पायदळाच्या सहा पलटणी व घोडदळाची एक रेजिमेंट द्यावयाची आणि राजाने त्यापोटी दरसाल साडेसात लक्ष रुपये भरावयाचे. शिवाय राजाने स्वतःचे तीन हजार स्वार व दोन हजार पायदळ सदैव सज्ज ठेवावयाचे. या दुसऱ्या फौजेची शिस्त, अंतर्गत व्यवस्था व वेळेवर पगार यांविषयी सल्ला देण्याचा अधिकार रेसिडेंटास मिळाला. म्हणजे कंपनीच्या फौजेचा खर्च राजाकडे, हुकूम मात्र कंपनीकडे. आणि राजाच्या फौजेचा खर्चही राजाकडे, पण तिच्यावर नजर कंपनीची. देखरेख सर्वत्र होती. ती पैसा देणाऱ्याची तेवढी नव्हती.

कंपनीवर तरी देखरेख कोणाची होती? १७८४ च्या पिटच्या कायद्याने लंडनमध्ये नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते. काही अपवाद सोडता, संचालकांच्या संमतीवाचून देशी राजांशी युद्ध अथवा युद्धात गुंतविणारा तह करू नये, असेही बंधन गव्हर्नर जनरलवर होते. परंतु कलकत्त्याचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोहोचण्यास महिने लागत. तिकडून येणारे उत्तर बहुधा घडून गेलेल्या गोष्टींविषयीच असे. शिवाय त्या मंडळाचे काम ब्रिटिश सत्तेच्या हिताचे होते; नागपूरच्या खजिन्याच्या बाजूने विचारणारा तेथे कोणी नव्हता.

याची प्रचिती लवकरच आली. पुण्यास पेशव्यांशी युद्ध जुंपल्यानंतर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेबांच्या सैन्याची व रेसिडेन्सीचे रक्षण करणाऱ्या कंपनीच्या पलटणींची लढाई झाली. मित्राच्या संरक्षणासाठी केलेल्या तहाचा शेवट त्याच मित्राच्या पराभवात झाला. आप्पासाहेब १८१८ च्या मार्चमध्ये पदच्युत झाले व मे महिन्यात कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले.

वैनगंगेकाठी त्यांच्या बाजूने उठाव झाला. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील यांनी शस्त्र उचलले. सप्टेंबर १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतला. पवनीचा किल्लाही त्याच वर्षी इंग्रजांनी हल्ला करून जिंकला. अल्पवयी तिसऱ्या रघूजींच्या नावे जेंकिन्स कारभार पाहू लागला, जिल्ह्यांवर ब्रिटिश अधिकारी आले आणि १८२०-२१ मध्ये भंडारा हे वैनगंगा जिल्ह्याचे ठाणे झाले. फौजेवरील देखरेख अशा रीतीने महसुलावर व न्यायावर पसरली.

१८२९ च्या तहाने राज्याचा बराचसा कारभार राजाकडे परत आला, परंतु आठ लक्षांची वार्षिक रक्कम मागे राहिली. तलावांच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या या मुलखाचा शेतसाराही नागपूरच्याच खजिन्यात जात होता व ही रक्कम त्याच खजिन्यातून भरावयाची होती. १८५३ मध्ये रघूजी औरस पुत्रावाचून वारले. पुढल्याच वर्षी राज्य खालसा झाले. तेव्हा ते वाचविण्यास कोणतीही फौज आली नाही, कारण नागपुरातील खरी फौज राज्य खालसा करणाऱ्यांचीच होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लष्करी मदतीचे मोल केवळ पलटणींच्या संख्येवर ठरत नाही. तिचा हिशेब मागण्याचा अधिकार घेणाऱ्याला उरला, तरच ती कुमक. तो अधिकार एकट्या देणाऱ्याकडे गेला की तिची तैनाती होते.