रिकारचे बेट आणि वर्धेचे पाणी

यवतमाळला समुद्र नाही. परंतु जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. 2024 मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच मद्य कंपनीने नागपूरजवळ बुटीबोरीला माल्ट व्हिस्कीचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले, तेव्हा आम्हांला प्रथम ही जलवाट आठवली. बुटीबोरीच्या परिसरातली वेणा, जिला हिंगणघाटकर वणा म्हणतात, ती वर्धेलाच मिळते. आणि कंपनीच्या नावाचा उत्तरार्ध ज्या घराण्याचा, त्याचे समुद्राशी जुने नाते आहे. ते नाते कसे जडले, याचा इतिहास आपल्याकडे फारसा वाचला जात नाही.

पॉल रिकारचा जन्म 1909 चा, मार्सेयच्या सेंत-मार्त या उपनगरातला. वडील वाइनचे व्यापारी. मुलाला चित्रकार व्हायचे होते. वडिलांनी त्याला धंद्यात घातले आणि तो कॅफेकॅफेंतून वाइन पोचवत फिरू लागला. (कलावंत होऊ न शकलेल्या मुलांनी जगात काय काय केले, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) फ्रान्समध्ये आब्सांतवर 1915 मध्ये बंदी आली होती. व्हर्लेन-रँबोच्या पिढीचे ते पेय कायद्याने गेले, पण चव गेली नाही. बडीशेपीच्या वासाची घरगुती मद्ये चोरून बनतच राहिली. ती चव ज्येष्ठमधाची जोड देऊन 1932 मध्ये रिकारने बाटलीत भरली आणि 'मार्सेयचे अस्सल पास्तिस' म्हणून विकली. 1940 मध्ये व्हिशी सरकारने अशा पेयांवर बंदी घातली, तेव्हा हा गृहस्थ कामार्गच्या दलदलीत जाऊन भात आणि गुरे यांच्यामागे लागला. युद्धानंतर पास्तिस परतले, आणि त्याच्या पैशातून 1950 मध्ये बांदोर व 1958 मध्ये अँबिए अशी दोन बेटे त्याने विकत घेतली.

इथवरची कथा यशस्वी धनिकाची आहे आणि तिच्यात आम्हांला विशेष रस नाही. खरी गुंतागुंत पुढे आहे. गार्दानच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढल्यावर क्षारयुक्त तांबडा चिखल उरे. तो नळाने कासीजवळच्या खोल सागरी दरीत सोडण्याची योजना पेशिने कंपनीने मांडली. 1963-64 मध्ये तिच्याविरुद्ध किनाऱ्यावर जे आंदोलन पेटले, त्यात रिकार उतरला. त्याच्यासोबत आलँ बोंबार होता. 1952 मध्ये रबरी होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडणारा तोच डॉक्टर. 1966 मध्ये अँबिएवर दोघांनी समुद्राची वेधशाळा स्थापली. तिचीच आजची पॉल रिकार सागरविज्ञान संस्था.

आता, या माणसाच्या हेतूविषयी शंका घेणे सोपे आहे. बेटे त्याची, पर्यटक त्याचे, पास्तिस पिणारेही त्याचेच. समुद्र लाल झाला असता तर तोटा त्यालाच होता. आम्ही ही शंका नाकारत नाही, पण तिथेच थांबतही नाही. ज्याचे हित किनाऱ्यावर आहे तो किनाऱ्यासाठी बोलला, यात दोष कोणता? कासीच्या कोळ्यांचेही हितच होते. भेद एवढाच, की कोळ्यांना आपल्या पैशाने प्रयोगशाळा उभारता आली नसती.

अडचण दुसरीकडे आहे, आणि ती यवतमाळहूनच नीट दिसते. आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. यवतमाळमधील बायांनी 'स्वामिनी'च्या झेंड्याखाली बंदीची मागणी लावून धरली. त्यांच्यापुढे रिकारची कथा सांगितली, तर पहिला प्रश्न येईल: समुद्र वाचवणारा तो पैसा कोणाच्या घरातून आला? 'एकच प्याला' शिकवणाऱ्याला या प्रश्नाची धार समजावून सांगावी लागत नाही. अँबिएच्या इतिहासात समुद्राची हानी आहे. पिणाऱ्याच्या घराची हानी शोधावी लागते. एका प्रदूषणाविरुद्ध उभी राहिलेली संस्था दुसऱ्या हानीच्या नफ्यावर चालली, असे म्हटले तर ते कठोर आहे, पण खोटे नाही. आणि तरीही ती संस्था नसती तर बरे झाले असते, असे त्या बायाही म्हणणार नाहीत, असा आमचा अंदाज आहे.

रिकारचा विरोध त्या वेळी हरला, हेही नोंदले पाहिजे. 1967 पासून गार्दानचा चिखल समुद्रात जाऊ लागला आणि दोन कोटी टनांहून अधिक गाळ त्या दरीत साचला. 1975 मध्ये रिकार आणि पेर्नो ही प्रतिस्पर्धी घराणी एक झाली, धंदा जगभर पसरला, आणि नळ चालूच राहिला. 1997 मध्ये पॉल रिकार वारला, तेव्हाही तो वाहत होता. चिखल सोडणे थांबले ते 2015 च्या अखेरीस. त्यापूर्वी अठरा वर्षे रिकारला अँबिए बेटावर, समुद्राकडे तोंड करून पुरलेले होते.