पाणी कोणाच्या खांद्यावर?

उन्हाळा आला की आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. भारतातून आई-बाबा राहायला येतात, आणि शनिवार-रविवारी कुठेतरी चालायला जायचे बेत ठरतात. आजचा विषय त्या चालण्याचाच आहे, आणि अगदी साधा आहे: चालताना पाणी कुठे ठेवायचं?

त्यामागे एक गोष्ट आहे. मागच्या जूनमध्ये आम्ही घरचे सगळे ब्रायटनजवळ, पॅचमच्या वरच्या टेकडीवर असलेली छत्री बघायला निघालो. तिथवर गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. ऊन बरं होतं. पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या सॅकमध्ये होत्या, पण तळाशी, पोळीभाजीच्या डब्याखाली. वाटेत मी दोनदा विचारलं, "आई, पाणी हवंय का?" दोन्ही वेळा "नको रे, चालू दे" हेच उत्तर मिळालं. अर्ध्या चढावर ती एकदम खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. पाणी प्यायल्यावर दहा मिनिटांनी तिला बरं वाटलं. मग म्हणाली, "तू पाठीवरची पिशवी उतरवणार, सगळे थांबणार, एवढं कशाला माझ्यासाठी? आणि पाणी प्यायलं की पुन्हा बाथरूम शोधा."

तुमच्या घरातही असं कुणी असेल. एस.टी.च्या प्रवासात घोटभरही पाणी न पिणाऱ्या बायकांची ही पिढी आहे. सोय नसायची, म्हणून तहान मारायची सवय लागली. ती सवय व्हिसा घेऊन इथेही येते.

त्या दिवसापासून मी बाटल्या सॅकच्या पट्ट्यांवर, छातीशी लावू लागलो. हे आजचं फॅड असेल असं मला वाटलं होतं. पण शोधू लागलो तेव्हा कळलं, पाणी कुणी आणि कसं वाहायचं याचा इतिहास आपल्याला फार जवळचा आहे.

सुरुवात आपल्या गडांपासून करू. जुन्या वाटांवर पाणी बरोबर नेण्यापेक्षा ते वाटेत सापडेल अशी व्यवस्था असे. नाणेघाटात कातळात खोदलेली टाकी आहेत. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, रायगडावर गंगासागर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी बघावं, असं बजावलेलं आहे. गावोगावी पाणपोया होत्या. वाटसरूकडे फार तर फिरकीचा तांब्या किंवा वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा असायचा.

पाणी लांब न्यायचंच असेल, तर खांद्यावर कावड असे. बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी, आणि मधोमध माणूस. एक बाजू जड झाली की चालच बिघडते, म्हणून दोन्ही घागरी सारख्या भरायच्या. सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात आजही कावडी येतात. सासवडहून तेल्या भुत्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन निघते आणि चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाचा उभा चढ चढते. तिथे एकट्याचं काम नाही. माणसांची साखळी होते आणि कावड हातोहात वर जाते. पाणी वाहणं हे तिथे व्रत आहे.

पण सगळ्यांनाच ते व्रत म्हणून करता येत नव्हतं. मोठ्या लष्करासाठी, साहेबांच्या छावणीसाठी चामड्याच्या पखाली पाठीवर घेऊन पखालजी, म्हणजे भिस्ती, चालत. पिणारा एक आणि वाहणारा दुसरा. तहान कोणाची आणि ओझं कोणाचं, हे जन्मावरून ठरलेलं.

आता इंग्लंडकडे येऊ. इथल्या पायदळासाठी १९०८ मध्ये नवा साज आला. तो चामड्याऐवजी जाड सुती पट्ट्यांचा होता. खांद्यावरून येणारे पट्टे, मागे पिशवी, पुढे काडतुसांचे कप्पे. मागचं वजन आणि पुढचं वजन एकमेकांना तोलून धरतील अशी त्याची रचना होती. कावडीचंच तत्त्व, फक्त बांबू आडवा न राहता पुढे-मागे झाला. पाण्याची बाटली उजव्या कमरेशी असे. ती एनॅमलची होती, वर लोकरी नमद्याचं आवरण, आणि आत दोन पाइंट पाणी, म्हणजे एक लिटरहून थोडं जास्त. ते आवरण ओलं केलं की पाणी गार राहायचं, आपल्या माठासारखं. म्हणजे इथे प्रत्येक शिपाई आपलं पाणी आपल्याच अंगावर वाहत असे.

आणि मग आलं पहिलं महायुद्ध. भारतीय सैनिक फ्रान्समध्ये लढले. आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेल इथे फार मोठी हानी सोसली. जखमींना जहाजांनी इंग्लंडला आणलं जाई. ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन, म्हणजे चक्क राजवाडा, डिसेंबर १९१४ पासून त्यांचं रुग्णालय झाला. सातशेहून जास्त खाटा होत्या आणि धर्म-जातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं. शिवाय हिंदूंसाठी पाण्याचा नळ वेगळा आणि मुसलमानांसाठी वेगळा. एकाच खंदकात एकाच शत्रूच्या गोळ्या झेलणारी माणसं इथे पाणी मात्र दोन नळांवर प्यायली. सरकारच्या मते ती त्यांच्या भावनांची काळजी होती.

तिथे दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर शहराबाहेर साऊथ डाऊन्सच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी आज संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाने केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. आम्ही त्या दिवशी चाललो होतो तिथेच.

पाण्याच्या या भेदाला आपल्याच मातीत थेट उत्तर मिळालं. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, पण कागदावरच्या ठरावाने तहान भागत नाही. न्यायालयातला अखेरचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

योगायोग बघा, त्याच काळात इथेही वाटांसाठी भांडण चालू होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातल्या कामगार तरुणांनी बेनी रॉथमन यांच्या पुढाकाराने किंडर स्काउटच्या बंद माळावर मुद्दाम पाऊल टाकलं. माळ शिकारीसाठी राखलेला होता. पुढे काही जणांना तुरुंगवासही झाला. आज आपण मुलांना घेऊन ज्या डोंगरांवर निर्धास्त फिरतो, त्या मोकळिकीमागे अशी माणसं आहेत. दोन्ही लढ्यांची तुलना करायची नाही, महाडला पणाला लागलं होतं ते माणूसपण. पण पाणी आणि वाट फुकट मिळालेली नाही, एवढं दोन्हीकडून कळतं.

आता बाटलीकडे परत येऊ. १९८९ मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या भर उन्हातल्या १०० मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आइडसन नावाच्या गृहस्थाने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात घातली, शर्टाच्या पाठीला शिवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. तो स्वतः रुग्णवाहिकेवर काम करणारा होता. त्यातूनच कॅमलबॅक निघाली. तिचं मर्म एकच: पाणी पिण्यासाठी थांबावं लागू नये. पट्ट्यावरची बाटली तेच काम करते, आणि किती पाणी उरलं हे दिसतंही.

तेव्हा एवढं करून बघा. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या आणि दोन्ही पट्ट्यांवर एकेक लावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, ते एकाच बाजूला नको. दोन्ही बाटल्यांमधून आलटून पालटून प्या, म्हणजे तोल राहील. बाटली हलत असेल तर खालूनही बांधा. साऊथ डाऊन्सवर तर विसरूच नका. ती जमीन खडूची आहे, पाऊस आत मुरतो, वर ओढा दिसत नाही. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना "हवंय का?" असं विचारू नका. बाटली त्यांच्या हातात द्या. निघण्याआधी वाटेतलं स्वच्छतागृह कुठे आहे तेही सांगून ठेवा. अर्धी तहान तिथेच अडलेली असते.

एक गोष्ट मात्र बाटलीने हरवली. पाणपोईवर अनोळखी माणूसही पाणी प्यायचा. आपापली बाटली झाल्यावर तेवढं थांबणं उरलं नाही. काशीहून रामेश्वरासाठी कावडीने आणलेलं गंगाजल एकनाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. म्हणून आमच्या घरात आता नियम आहे: डाव्या पट्ट्यावरची बाटली आपली, उजवीकडची ज्याला लागेल त्याची.

या जूनमध्ये आई पुन्हा येते आहे. छत्रीपर्यंत पोचायचं राहिलं होतं, या वेळी पोचू. तुम्हीही जा, मुलांना न्या. दगडावरची नावं वाचा, आणि तिथे बसून घोटभर पाणी प्या.