गेंड्याचा पत्ता: कोकणच्या कातळावरील प्राणी आणि त्यांचे हरवलेले प्रदेश

१/
जगाचा प्राणी-नकाशा शाळेत प्रत्येकाने पाहिलेला असतो. एकशिंगी गेंडा आसाम आणि नेपाळमध्ये, पाणघोडा आफ्रिकेत, शहामृगही आफ्रिकेत, चित्ता आफ्रिकेत आणि थोडासा इराणमध्ये. मग रत्नागिरी जिल्ह्यातील उघड्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी गेंडा कोणी कोरला, आणि त्याने तो पाहिला तरी कुठे? या प्रश्नाचा हा मागोवा.

२/
देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. गावाच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि तिच्या कुशीत मार्लेश्वर. पश्चिमेस जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे टप्प्याटप्प्याने समुद्राकडे उतरत जातात. पावसाळ्यात हे सडे हिरवे होतात, दिवाळीनंतर पिवळे पडतात आणि उन्हाळ्यात नुसता काळा-तांबडा कातळ उरतो. कोकणातील सर्वांत मोठी प्राणिचित्रे याच कातळावर, जमिनीलगत आडवी कोरलेली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात.

३/
काही गावांत या आकृत्यांची पूजा होत असे, पण बहुतेक शिल्पे माती आणि गवताखाली विस्मृतीत गेली होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना व वृद्धांना विचारून ती शोधून काढली. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतले. २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात आणि एक गोव्यात आहे.

४/
या सातांपैकी उक्षी हे कोकण रेल्वेवर संगमेश्वरनंतरचे स्थानक असलेले गाव. तेथे हत्तीची भव्य आकृती आहे. राजापूर तालुक्यातील कशेळी हे कनकादित्याच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या शरीराच्या आतच जमिनीवरचे आणि पाण्यातले कित्येक लहान प्राणी कोरलेले आहेत. जिल्ह्यातील इतर सड्यांवर वाघ, हरीण, रानडुक्कर, माकड, मोर, शार्क आणि पाकट आढळतात. नांगर किंवा शेतीची दृश्ये मात्र दिसत नाहीत. त्यामुळे ही शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या समाजाची निर्मिती असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. मध्याश्मयुगापासून प्रारंभिक ऐतिहासिक काळापर्यंतचा पल्ला सुचवला जातो.

५/
या चित्रांत गेंड्याच्या आकृत्या आहेत. काही आकृत्या पाणघोड्याच्या असाव्यात, असेही म्हटले गेले. २०१८ मध्ये कोकणच्या कातळशिल्पांची बातमी जगभर गाजली, तेव्हा पुरातत्त्व विभागाकडूनच दोन शक्यता मांडल्या गेल्या. पहिली, ही शिल्पे कोरणारे लोक आफ्रिकेतून आले असावेत. दुसरी, हे प्राणी एकेकाळी येथेच असावेत. पहिली शक्यता अधिक नाट्यमय असल्याने समाजमाध्यमांवर तीच अधिक फिरली. पुरावा कोणत्या बाजूस झुकतो, हे पाहण्यासाठी आधी प्राण्यांच्या नकाशाचाच इतिहास पाहावा लागतो.

६/
कोणता प्राणी कोठे राहतो याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. १८५८ मध्ये फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या आधारे पृथ्वीचे सहा विभाग पाडले. १८७६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस याने दोन खंडांच्या ग्रंथात तीच विभागणी सर्व प्राण्यांसाठी मांडली. भारताचा बहुतांश भाग त्याने ‘प्राच्य’ विभागात घातला, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका ‘इथिओपी’ विभागात. आजचे शालेय नकाशे याच परंपरेचे वारस आहेत.

७/
परंतु वॉलेस केवळ जिवंत प्राण्यांची नोंद करून थांबला नाही. जीवाश्मांकडे पाहून त्याने त्याच ग्रंथात निरीक्षण नोंदवले की, भूशास्त्रीय मापाने अगदी अलीकडेच सर्वांत मोठे आणि विलक्षण प्राणी नाहीसे झाले असून आपण प्राणिदृष्ट्या दरिद्री झालेल्या जगात राहतो. म्हणजे प्रत्येक प्राणी-नकाशाच्या कोपऱ्यात एक वर्ष लिहिलेले असायला हवे. शाळेतल्या नकाशावर ते नसते, आणि तेथूनच कोकणच्या गेंड्याविषयीचा गैरसमज सुरू होतो.

८/
मग कोकणात गेंड्याची हाडे का सापडत नाहीत? याचे एक उत्तर मातीत आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यावर दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस कोसळतो. अशा मातीत हाड फार काळ टिकत नाही. सह्याद्रीच्या पलीकडे नद्यांच्या जुन्या गाळात चुन्याचे प्रमाण अधिक, पाऊस कमी, म्हणून तेथे हाडांचे जीवाश्म होतात. कोकणात चित्रे उरली, देशावर हाडे उरली. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

९/
देशावरची हाडे काय सांगतात? नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील गोदावरीच्या गाळातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका अतिप्रचंड, आज नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष निघाले. भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम याने १९०५ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. नर्मदेच्या खोऱ्यात तर पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. हा आजच्या आफ्रिकी पाणघोड्याहून वेगळा, ‘हेक्साप्रोटोडॉन’ नावाच्या वंशाचा होता. शेवटच्या हिमयुगातही तो भारतीय नद्यांत डुंबत होता. पुढे हवामान बदलत, नद्या आटत गेल्या आणि तो संपला.

१०/
शहामृगाची कथा त्याहून बोलकी आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तेथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांतील एका तुकड्यावर माणसाने रेषांची जाळीदार नक्षी कोरली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांनी भारतातील प्राचीन कवचांमधून डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. खानदेशच्या माणसाला शहामृग पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नव्हता. पक्षी त्याच्याच माळावर धावत होता.

११/
आता गेंडा. गुजरातेतील लांघणज येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९४० च्या दशकात उत्खनन केले. मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांच्या त्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा वारंवार दिसतो, आणि त्या जेथे सापडल्या त्या मोहेंजोदडोच्या परिसरात आज एकही गेंडा नाही. गेंड्याला गवताळ पूरमैदान आणि डुंबायला पाणी लागते. पश्चिम भारतात ते दोन्ही होते, तोवर तोही होता.

१२/
महाराष्ट्राचा स्वतःचा गेंडा दायमाबादचा. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी असलेल्या या गावात १९७४ मध्ये चार भरीव धातुशिल्पे अवचित हाती लागली. बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि चाकांवर उभा असलेला गेंडा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिल्प वाहून आणता येते, कल्पनाही वाहून आणता येते. दायमाबादचा गेंडा प्रवरेकाठच्या कारागिराने पाहिला होता, असे केवळ शिल्पावरून सिद्ध होत नाही. हाड जागेचा पुरावा देते, चित्र ओळखीचा. हाच निकष कोकणच्या कातळालाही लावला पाहिजे.

१३/
या निकषावर पाहता आफ्रिकेची शक्यता अनावश्यक ठरते. लांघणज, नर्मदा आणि पाटणे येथील पुरावे मिळून एवढे निश्चित सांगतात की, आज परके वाटणारे हे प्राणी पश्चिम आणि मध्य भारतात वेगवेगळ्या काळी खरोखर होते. कोकणच्या शिल्पकाराला गेंडा ओळखण्यासाठी घाट ओलांडणे किंवा किनाऱ्याने उत्तरेकडे जाणे पुरेसे होते. पाणघोड्याबाबत मात्र अडचण राहते. तो फार आधी नाहीसा झाला, आणि एवढ्या ढोबळ आकृतीवरून प्राणी ठरवणे कठीण असते. गेंड्याची बाजू भक्कम आहे, पाणघोड्याची दुबळी.

१४/
आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. त्या काळी रत्नागिरीचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या बराच पश्चिमेला होता. आज अरबी समुद्राखाली असलेला सपाट पट्टा तेव्हा कोरडी जमीन होता. बर्फ वितळत गेला तसा समुद्र हजारो वर्षे पुढे सरकत राहिला. आजचे कोकण चिंचोळे आणि चढउताराचे आहे, म्हणून येथे गेंडा शक्यच नव्हता, असे म्हणताना त्या वेळचे कोकण वेगळे होते, हे स्मरणात ठेवावे लागते.

१५/
ऐतिहासिक काळातही गेंड्याचा प्रदेश आक्रसतच गेला. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी बाबराने पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीजांना भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला गेंडा. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना जहाज फुटून तो बुडाला. आल्ब्रेक्ट ड्यूरर याने त्याला न पाहताच, वर्णन आणि रेखाटनावरून त्याचे प्रसिद्ध चित्र काढले. शतकानुशतके युरोपात तेच गेंड्याचे अधिकृत रूप मानले गेले. न पाहिलेला प्राणीही हुबेहूब वाटू शकतो, हा त्या चित्राचा धडा कातळशिल्पांच्या अभ्यासकांनाही उपयोगी आहे.

१६/
चित्त्याने तर आपले नावच येथून जगाला दिले. इंग्रजीतील त्याचा शब्द संस्कृत ‘चित्रक’ वरून, हिंदीमार्गे गेला. सह्याद्रीच्या पलीकडे कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे घोषित झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. आज नकाशावर ‘चित्ता: भारत’ असे पुन्हा लिहावे लागते. उलट कोलंबियात पाब्लो एस्कोबारने १९८० च्या दशकात आणलेल्या चार पाणघोड्यांची संख्या शंभरावर गेली आहे. पाणघोड्याच्या पत्त्यातही आता दक्षिण अमेरिका आली.

१७/
देवरूखभोवतीचा नकाशाही स्थिर नाही. कातळावरचा हत्ती कोकणात पुन्हा अवतरला तो २००२ मध्ये, जेव्हा कर्नाटकातून रानहत्ती सिंधुदुर्गात उतरले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. शृंगारपूरहून प्रचितगडाकडे चढणारी वाट त्याच्याच हद्दीत पोहोचते. आणि देवरूखच्या आसपास बेहड्यासारख्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. खासगी जंगलातले असे एकेक झाड तुटते, तेव्हा त्या पक्ष्याचा प्रदेश तेवढाच लहान होतो. गेंड्याचा प्रदेशही कोण्या एका दिवशी संपला नव्हता.

१८/
ज्या कातळावर जुना नकाशा कोरलेला आहे, तो कातळही विक्रीची वस्तू आहे. जांभ्याचे चिरे कापून घरे बांधणे ही कोकणची जुनी रीत. हाताने चालणाऱ्या खाणीच्या जागी यंत्र आले की संपूर्ण सडा काही महिन्यांत खड्डा होतो. रस्ते आणि बांधकामांचाही भार आहे. युनेस्कोच्या यादीतील बारसू येथे २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून मोठे आंदोलन झाले आणि कातळशिल्पांच्या भवितव्याचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. घरासाठी चिरा हवा आणि गावाला रोजगार हवा, हे खरे आहे. पण कोरलेला कातळ एकदा कापला गेला की तो पुन्हा मिळत नाही.

१९/
कोकणच्या मातीने हाडे राखली नाहीत. येथल्या आदिम माणसाने कोणते प्राणी ओळखले, कोणाला भव्य मानले, कोणाला हत्तीच्या पोटात जागा दिली, याची नोंद फक्त या सड्यांवर आहे. एखादी आकृती गेंडा आहे की आणखी काही, हा वाद पुढच्या पिढीतील अभ्यासक अधिक चांगल्या साधनांनी सोडवतील. त्यासाठी ती आकृती तोवर जागेवर राहिली पाहिजे. उक्षीच्या हत्तीभोवती संरक्षक कठडा उभा आहे. इतर शेकडो आकृत्या अद्याप उघड्या सड्यावर, पावसात आणि चिरेखाणींच्या शेजारी पडून आहेत.

#कातळशिल्पे #कोकण #देवरूख #इतिहास